पिन बसली, तरी डिस्क दिसेना

गेल्या वर्षी गणपती उठले आणि त्याच आठवड्यात आण्णांचा फोन आला. "अरे, मशीन टकटक करायलंय. स्क्रीनवर काय येत न्हाई. येऊन बघतोस का जरा?"

आण्णांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. बिडाची कास्टिंगं टर्निंगला येतात, तयार होऊन जातात. त्यांचं सीएनसी लेथ १९९९ सालचं. लोखंड अजून शंभर नंबरी, पण आतला कॉम्प्युटर विंडोज ९८ वर चालणारा आणि त्यातली हार्ड डिस्क ४.३ जीबीची. आज फोनमधल्या दोन-तीन व्हिडिओंनी भरून जाईल एवढीच. मी पोचेपर्यंत तिथल्या इलेक्ट्रिशियन पोरानं १२० जीबीची नवी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क, आणून ठेवली होती. तिचा प्लग वेगळा निघाला म्हणून पळत जाऊन कन्व्हर्टरही आणला. कन्व्हर्टर बसला, हिरवा दिवा लागला आणि स्क्रीन 'डिटेक्टिंग' या शब्दावर जी थांबली ती थांबलीच. पोरगा वैतागून म्हणाला, "दादा, पिन तर बरोबर बसलीय की!"

हा प्रश्न सध्या बऱ्याच घरांत आणि दुकानांत पडलाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला आणि जुने सीपीयू माळ्यावरून खाली आले. कुणाला त्यातले लग्नाचे फोटो हवेत, कुणाला प्रेसमधली जुन्या फाँटातली कामं, कुणाला सोसायटीचे हिशेब. डिस्क हातात आहे, कॉम्प्युटर समोर आहे, पण दोघांचं जमत नाही.

इंची बोल्ट, मेट्रिक नट

उद्यमनगरात ही गोष्ट समजावायला सोपी. इंची आट्यांचा बोल्ट मेट्रिक नटात पहिले एक-दोन आटे जातो, आपल्याला वाटतं बसला, आणि मग अडकतो. जोर लावला तर दोन्ही वाया. डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या जोडणीला इंटरफेस म्हणतात. प्लगचा आकार हा त्यातला फक्त पहिला आटा. त्यामागे आणखी तीन असतात: दोघं एकच भाषा बोलतात का, डिस्कवरच्या जागा मोजताना दोघांचे आकडे पुरतात का, आणि डिस्कला हवी ती वीज मिळते का. लोक पहिल्यावर थांबतात. माझ्या अनुभवात खरं नुकसान तिसऱ्या आट्यात, म्हणजे आकड्यांत, होतं, आणि ते आवाज न करता होतं.

चाळीस पिनांचा पट्टा

आण्णांच्या डिस्कच्या पाठीमागे दोन ओळींत चाळीस पिना आणि त्यात शिरणारा राखाडी चपटा पट्टा. हा आयडीई इंटरफेस. १९८६ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक यांच्या कामातून तो आला. त्याआधी डिस्क चालवणारी डोकेबाज सर्किटं, म्हणजे कंट्रोलर, वेगळ्या कार्डावर असत. आयडीईनं ती डिस्कच्याच अंगावर बसवली. पुढे साटा ही बारीक केबलची नवी पद्धत आल्यावर याच जुन्या पद्धतीला पाटा असंही म्हणू लागले. दुकानात दोन्ही नावं चालतात.

पट्ट्याच्या एका कडेला लाल रेघ असते. ती पहिल्या पिनेची बाजू, बहुतेक डिस्कांवर वीज येते त्या अंगाला. विसावी पिन मुद्दाम गाळलेली असते, म्हणजे पट्टा उलटा घालू नये. तरी घालणारे घालतातच, कारण काही स्वस्त पट्ट्यांत ते भोक बुजवलेलंच नसतं.

एका पट्ट्यावर दोन डिस्क बसतात. कुणी आधी बोलायचं हे ठरवायला पाठीमागे जम्पर असतो, म्हणजे दोन पिनांवर बसणारी प्लास्टिकची चिमुकली टोपी. एक मास्टर, दुसरा स्लेव्ह. दोघंही मास्टर झाले तर भाऊबंदकी ठरलेली: दोन्ही दिसत नाहीत, किंवा एक दिसतो आणि तोही अर्धवट. माळ्यावरची जुनी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून "मेली" म्हणणाऱ्यांनी आधी ही टोपी बघावी. कोणती टोपी कुठे, याचं चित्र डिस्कच्या लेबलावरच छापलेलं असतं.

तारा कमी झाल्या, वेग कसा वाढला?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. आयडीईच्या चाळीस पिना, शेवटच्या काळात तर पट्ट्यात ऐंशी तारा, आणि वेग सेकंदाला फार तर १३३ एमबी. साटाची डेटा केबल बोटाएवढी, सात पिनांची, आणि वेग १५० पासून ६०० एमबीपर्यंत.

ऊसाचा हंगाम आठवा. सोळा ट्रॅक्टर एका ओळीत शेजारी-शेजारी निघालेत आणि अट अशी की सोळाही कारखान्याच्या गेटवर एकाच क्षणी पोचले पाहिजेत. हळू चालले तर जमतं. वेग वाढवला की एखादा पुढे, एखादा मागे, शेजारच्याला ट्रॉली घासते. आयडीईत सोळा तारांवरून एका दमात सोळा बिट (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) जात, आणि नेमकं हेच होई. घासाघीस टाळायला दोन तारांच्या मध्ये एकेक रिकामी ग्राउंडची तार टाकली. ऐंशी तारा झाल्या त्या अशा. पिना चाळीसच राहिल्या. पट्टाही साधारण ४६ सेंटिमीटरच्या पुढे नेता येत नसे. साटानं ओळ मोडली: एकच रस्ता, एकामागून एक, पण सुसाट. २००३ पासून साटा डिस्क बाजारात आल्या आणि काही वर्षांत आयडीई मागे पडलं. नव्या आयडीई हार्ड डिस्क आता बनत नाहीत. मिळतात त्या जुन्या, उतरवलेल्या.

साटाच्या तीन पिढ्या आपसांत जमवून घेतात. नवी डिस्क जुन्या बोर्डाला (मदरबोर्डला) लावली तर ती आपला वेग उतरवते. अपवाद आहेत. सुरुवातीच्या काही बोर्डांना ही बोलणी जमत नाहीत आणि दुसऱ्या पिढीची डिस्क त्यांना दिसतच नाही. त्या काळातल्या अनेक डिस्कांवर वेग पहिल्या पिढीवर बांधून ठेवणारा जम्पर त्यासाठीच दिलेला असे.

"मग कन्व्हर्टर लावला की झालं ना?"

बऱ्याचदा होतं. पण कन्व्हर्टर म्हणजे साधी तारांची जोडणी नव्हे. त्यात दुभाष्याचं काम करणारी चिप असते. आणि दुभाषा बहुधा एकाच दिशेनं बोलतो. साटा डिस्क जुन्या आयडीई बोर्डाला लावायची, तर एक प्रकार. आयडीई डिस्क नव्या साटा बोर्डाला लावायची, तर दुसरा. दिसायला दोन्ही सारखे. पुडीवर दोन्ही नावं असतात, दुकानदार "चालतंय की" म्हणतो आणि आपण घरी येऊन डोकं धरून बसतो. काही कन्व्हर्टर दोन्हीकडून चालतात, पण त्यांच्यावरही दिशा ठरवणारा जम्पर असतो.

भाषेचा आणखी एक घोळ बायोसमध्ये होतो. बायोस म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम. साटा डिस्कशी एएचसीआय नावाच्या नव्या पद्धतीनं बोलायचं की जुन्या आयडीईसारखं, हे तिथे ठरतं. विंडोज एक्सपीला एएचसीआय मुळात येत नाही. त्यामुळे धडधाकट डिस्क असूनही एक्सपी निळ्या पडद्यावर आपटतं. बायोसमध्ये साटाची पद्धत बदलून आयडीई केली की बऱ्याच वेळा गाडी सुरू होते.

नुसती फाइल काढून घ्यायची असेल तर हा व्याप कशाला? आयडीई आणि साटा दोन्ही घेणारा यूएसबी अडॅप्टर आणा आणि लॅपटॉपला लावा. फक्त साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि साध्या यूएसबीतून ५ च मिळतात, म्हणून स्वतःचा वेगळा चार्जर असलेलाच घ्या. लॅपटॉपची जुनी आयडीई डिस्क ४४ बारीक पिनांची असते, वीजही त्याच पिनांतून. आणि पिना ५० किंवा ६८ असतील तर ती बहुधा स्कझी, जुन्या सर्व्हरांतली. तिचं घराणंच वेगळं. जोर लावू नका.

बाराव्या गल्लीचं पत्र दुसऱ्या गल्लीत

आता तो तिसरा आटा. इथे जरा थांबतो.

डिस्कवरची जागा सेक्टर नावाच्या घरांत वाटलेली असते. पारंपरिक घर ५१२ बाइटचं. प्रत्येक घराला नंबर. कॉम्प्युटर म्हणतो, "अमुक नंबरचं घर दे." मग प्रश्न असा, की नंबर लिहायला जागा किती ठेवलीय?

राजारामपुरीचं उदाहरण घ्या. गल्ल्यांना नंबर आहेत. समजा एखाद्या कुरिअरवाल्याच्या फॉर्मवर गल्लीसाठी एकच चौकोन आहे. नवव्या गल्लीपर्यंत सगळं सुरळीत. बाराव्या गल्लीचं पत्र आलं की चौकोनात मावतो फक्त २. पत्र परत येत नाही, हरवत नाही. दुसऱ्या गल्लीत जाऊन पडतं. तिथल्या माणसाच्या हातात बाराव्या गल्लीची नोटीस!

डिस्कच्या बाबतीत हा चौकोन वेळोवेळी अपुरा पडला. अगदी सुरुवातीला ५२८ एमबीला. मग ८.४ जीबीला. १९९९ च्या सुमारापर्यंतच्या बऱ्याच बायोसना ३३.८ जीबीच्या पुढची डिस्क पाहिली की मोजता मोजता चक्कर येई आणि ते जागेवरच गोठत. आण्णांच्या मशीनचं 'डिटेक्टिंग' ते हेच. १२० जीबीची एसएसडी चांगली होती, कन्व्हर्टर चांगला होता. बोर्डाला एवढं मोजताच येत नव्हतं.

गोठणं तरी बरं. निदान कळतं. त्यापुढची पायरी वाईट. नंबरासाठी २८ बिट होते तोवर घरं २६ कोटी ८४ लाख, म्हणजे १३७ जीबी. (विंडोज १०२४ नं मोजतं म्हणून त्याला हे १२८ दिसतात, ५०० ची डिस्क ४६५ दिसते तेही त्यामुळेच, दुकानदारानं फसवलेलं नसतं.) पुढे ४८ बिट आले आणि एक्सपीला ते सर्व्हिस पॅक १ या सुधारणांच्या संचात मिळाले. आता कल्पना करा: २५० ची डिस्क, फोटोंनी भरलेली, आणि कुणीतरी मूळ, सर्व्हिस पॅक नसलेल्या जुन्या सीडीवरून एक्सपी पुन्हा टाकलं. सगळं चालू दिसतं. मग एक दिवस १३७ च्या पलीकडच्या घरात काही लिहायची वेळ येते, वरचा आकडा गळतो आणि ते जाऊन पडतं डिस्कच्या सुरुवातीला, जिथे अख्ख्या डिस्कची अनुक्रमणिका असते. दुसऱ्या दिवशी डिस्क "आपोआप" कोरी.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर ३ टीबीची डिस्क जुन्या यूएसबी केसमध्ये घालून बघा, अर्थात रिकामी. ती ७४६ जीबीची दिसू शकते. केसमधल्या चिपकडे ३२ बिट, म्हणजे २.२ टीबीपर्यंतचे आकडे. त्यापुढे चाक फिरून पुन्हा शून्यावर. तीनातून २.२ गेले, उरले साधारण ८०० जीबी, विंडोजच्या मापात ७४६. स्कूटरचं जुनं किलोमीटर मीटर ९९९९९ नंतर शून्यावर यायचं, तसंच. डिस्कचे भाग पाडायच्या जुन्या एमबीआर पद्धतीलाही हीच २.२ टीबीची वेस आहे. नव्या जीपीटी पद्धतीनं ती ओलांडली, पण ३२ बिटी एक्सपीला जीपीटी वाचता येत नाही.

म्हणून माझा एकच हट्ट असतो: जुन्या कॉम्प्युटरला मोठी डिस्क लावायची असेल, तर दिसली म्हणून लगेच वापरू नका. आकडा पूर्ण दिसतोय का, ते आधी बघा. कमी दिसत असेल तर एकही फाइल लिहू नका.

"पण माझी डिस्क नवी आहे आणि फिरतच नाही"

हा चौथा आटा, विजेचा. साटाच्या वीज-प्लगला पंधरा पिना असतात. त्यातली तिसरी पूर्वी ३.३ व्होल्टची होती आणि जवळपास कुणी वापरत नव्हतं. साटाच्या ३.३ आवृत्तीत तिला नवं काम दिलं: तिथे वीज आली की डिस्कनं बंद राहायचं. सर्व्हरमधली डिस्क दुरून बंद-चालू करायला सोयीचं. पण जुना एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, बिचारा तिथे सवयीनं ३.३ व्होल्ट देतच राहतो आणि डिस्क समजते, साहेबांचा हुकूम आहे, झोपा. एक्स्टर्नल केस फोडून काढलेल्या मोठ्या डिस्कांत हे जास्त दिसतं. डिस्क परत करण्याआधी जुन्या चार पिनी प्लगवरून साटा करणारी वायर लावून बघा, तिच्यात ३.३ व्होल्ट नसतातच, त्यामुळे डिस्क फिरते.

मात्र ती वायर बघून घ्या. अखंड प्लास्टिकमध्ये ओतलेल्या प्लगात तारा आतल्या आत एकमेकींना टेकून जळाल्याचे प्रकार झालेत. तारा एकेक दाबून बसवलेल्या दिसतात असा प्लग बरा. दहा-वीस रुपयांसाठी आग कोण घेणार?

"फॉरमॅट करायचं का" आणि फ्रीजचा उपाय

जुनी डिस्क लावल्यावर विंडोज फार नम्रपणे विचारतं: फॉरमॅट करू का? नाही म्हणा. त्याचा अर्थ एवढाच की मांडणी त्याला वाचता आली नाही. विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरची डिस्क असेल, किंवा काही यूएसबी केस डिस्कच्या घरांचा आकार ४०९६ बाइट असल्याचं भासवतात त्यापैकी एकीत ती भरलेली असेल. केसमधून काढून थेट लावली की मोजणीच बदलते. पुन्हा त्याच केसमध्ये घातली की सगळं जसंच्या तसं.

टकटक करणारी डिस्क रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची, हाही सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. देऊ नये. बाहेर काढल्यावर ती आपल्या दमट हवेत घाम धरते, आणि आतल्या तबकडीवर पाणी म्हणजे खेळ खलास. पुराच्या पाण्यात भिजलेली डिस्क तर सुकवून चालू करूनही बघू नका. डेटा हवाच असेल तर ती थेट रिकव्हरीवाल्याकडे द्या.

एम.टू नावाच्या च्युइंगमच्या पट्टीसारख्या एसएसडींबद्दल थोडक्यात: त्यात साटा बोलणारी आणि एनव्हीएमई ही त्याहून नवी भाषा बोलणारी अशा दोन जाती आहेत, खाच पाहून अंदाज येतो, खात्री होत नाही. लॅपटॉपला कोणती चालते ते विचारून मगच घ्या. जुन्या बोर्डांना एनव्हीएमईवरून सुरू होता येत नाही.

लेथचं काय झालं

मशीनवाल्यांच्या माणसानं फोनवरच निकाल दिला होता: लेथचा अख्खा कंट्रोलर बदला. आकडा लाखांत. आण्णा गप्प होते, हातातला चहा निवत होता.

मी जुनी डिस्क काढली आणि लॅपटॉपला यूएसबी अडॅप्टरनं जोडली, त्याच्या स्वतःच्या चार्जरवर. टकटक नाही. एकसारखी घूं. डिस्क मेलेलीच नव्हती. मशीनमधल्या एसएमपीएसचे कपॅसिटर फुगून टोपी वर आले होते, वीज कमी पडत होती, आणि डिस्क उठायची, बसायची, उठायची. तो टकटक आवाज त्याचा. पहिल्यांदा एसएमपीएस उघडला असता तर माझाच अर्धा दिवस वाचला असता.

तरी सव्वीस वर्षांच्या डिस्कवर विसंबायचं नव्हतं. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमनं घर न् घर उतरवून घेतलं. तो खराब घरं आधी सोडून देतो आणि शेवटी परत त्यांच्याकडे वळतो. सात-आठ घरं वाचली नाहीत. नशिबानं ती रिकाम्या जागेत होती.

डिस्कच्या जागी एसएसडी लावायचा नाद सोडला आणि ८ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणलं, जुन्या कॅमेऱ्यांत असायचं तसलं, पण औद्योगिक वापराचं. हे कार्ड मुळातच आयडीईची भाषा बोलतं. मधला अडॅप्टर म्हणजे नुसत्या तारा, दुभाष्या चिपची गरज नाही. ८ जीबी म्हणजे बोर्डाच्या मोजणीतही आरामात. (साधी कार्डं कधीकधी स्वतःला काढता येण्याजोगी म्हणवतात आणि विंडोज अडून बसतं, म्हणून औद्योगिक.) नवा एसएमपीएस, नवं कार्ड, आणि बोर्डावरचा बटणासारखा सेलही बदलला. तो संपला की असे जुने बोर्ड डिस्कचे आकडेच विसरतात आणि धडधाकट डिस्क "सापडत नाही" म्हणतात. बायोसमधले आकडे मी कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवले.

लेथ त्याच संध्याकाळी सुरू झालं. १२० जीबीची एसएसडी इलेक्ट्रिशियन पोरगा आपल्या लॅपटॉपला घेऊन गेला, अर्ध्या किमतीत.

खंडेनवमीला शॉपवर गेलो तर लेथला झेंडूचा हार, बाजूला व्हर्नियर, टूल, पाने ओळीनं मांडलेले. त्यात ती जुनी ४.३ जीबीची डिस्कही होती, लेबलावर हळदी-कुंकू. आण्णांना म्हटलं, कुंकू पिनांत जाऊ देऊ नका, ती आपली राखीव आहे. ते म्हणाले, "पिनांवर टेप मारलाय आधीच."